मागच्या बाकापर्यंत

बारामती
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

दत्तोबांस,

अंजुम अत्तारचा नमस्कार. विज्ञानाच्या बाई. अक्षर ओळखलंच असेल, कारण माझ्या अक्षराला तुम्ही 'मुंगळ्यांची वरात' म्हणायचात आणि ते काही सुधारलेलं नाही. पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचा. श्रेयाकडून वाचून घेतलंत तरी चालेल. तुमची नात यंदा दहावीला आहे हे मला भिगवणच्या युवराजनं सांगितलं. निरवांगीचा पत्ता त्यानंच दिला. फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. फोनवर तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवला असता आणि पुन्हा लावायचा मला धीर झाला नसता.

युवराज आठवतो ना? कणांच्या खेळात वायू झाला आणि पळत सुटला तो थेट हायवेला लागला, चार वाजता पिशवीत मासे घेऊन परत आला, तो. आता त्याचं हॉटेल आहे. पक्षी बघायला आलेली पुण्याची माणसं त्याच्याकडे तळलेली चिलापी खायला नंबर लावून बसतात. मला म्हणाला, "मॅडम, बाकी सायन्स समदं इसरलो, पर दत्तूमामांचा ख्याळ न्हाय इसरलो."

मी तरी कुठं विसरले. मैदानात फक्कीनं आखलेला मोठा चौकोन. त्यात चाळीस पोरं हाताला हात धरून ओळीत उभी. जागच्या जागी हलायचं, जागा सोडायची नाही, हा स्थायू. तुम्ही खिचडीची थाळी आणि दांडकं घेऊन बाजूला उभे. थाळी म्हणजे उष्णता. हळू वाजली की पोरांनी थोडं हलायचं, जोरात वाजली की जास्त. मग तुम्ही ओरडायचात, "सोडा हात!" की पोरं एकमेकांना घासत फिरायची, पण फक्कीच्या आत, तो द्रव. आणि थाळी बडवत "सुटा!" म्हणालात की झाला वायू, मग फक्की नाही आणि बाईही नाहीत. नंतर सगळी गोळा करायला माझा अर्धा तास जायचा. हा खेळ पुस्तकात नव्हता, तुमच्या डोक्यातला होता, आणि गेली वीसएक वर्षं मी तो माझा म्हणून घेते आहे.

आता कामाचं. मी जूनपासून आपल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. हसू नका. शाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून एकवीस डिसेंबरला कार्यक्रम आहे. जुन्या सगळ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचा सत्कार. समितीनं यादी आणली त्यात तुमचं नाव नव्हतं. मी चौथ्या नंबरला माझ्या हातानं लिहिलं. समितीतल्या एकानं वाकून वाचलं आणि विचारलं, "कोण, ते आयोडीनवाले?" मी होय म्हणाले. घरी आले आणि घास उतरेना.

त्या वेळी नेमकं काय घडलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही घेतलं नाही एवढं मात्र माझं मन सांगत होतं. जुनं झालं ते झालं. तुम्ही या. तुमच्या खांद्यावर मला माझ्या हातानं शाल घालायची आहे.

आपली,
अंजुम

•

बारामती
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

दत्तोबांस,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, मॅडम, हल्ली माणसांची पत्रं येत नाहीत, बँकेची येतात.

काल नववीला कणांचा तास घेतला. हेडबाईनं तास घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण हा धडा मी दुसऱ्या कुणाला देत नाही. अब्बांच्या दुकानातली खसाच्या अत्तराची कुपी अजून आहे माझ्याकडे, तळाला आली आहे. दुकान जाऊन किती वर्षं झाली, पण बूच काढलं की बारामतीची ती अख्खी गल्ली येते.

नवी नवी लागले होते तेव्हा मी फळ्यावर टिंबं काढून शिकवायची. जवळजवळ टिंबं म्हणजे स्थायू, लांब लांब टिंबं म्हणजे वायू. पोरं जांभया द्यायची. एक दिवस प्रयोगशाळेच्या दारातून तुम्ही विचारलंत, "बाई, बोलू का?" खरं सांगते, मला राग आला होता. बी.एड. मी झालेले आणि परिचर मला शिकवणार? तुम्ही पोरांना म्हणालात, "यष्टीत शिटावर बसल्याली मानसं बघितली का? खड्डा आला की हालत्यात, पर शीट सोडत न्हाईत. त्यो स्थायू. उभी ऱ्हायल्याली मानसं सरकत सरकत दाराकडं जात्यात, पर यष्टीच्या आत, त्यो द्रव. आनि इंदापूरच्या स्टँडावर दार उघडलं की कोन कुठं जातंय त्येचा ठावठिकाना ऱ्हातो का? त्यो वायू." पोरं हसली आणि पोरांना कळलं. मी रागानं फळा पुसला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर जाऊन तेच सांगितलं.

मग अत्तर. तुम्ही खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि मागच्या बाकाशी जाऊन उभं राहायचं. पोरांनी डोळे मिटायचे. मी टेबलावर कुपी उघडायची. वास आला की हात वर. पहिल्या बाकाचे हात आधी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कण असेच धक्के खात खात जातात, हे न सांगता दिसायचं. पोरं लबाड, शेजारच्याचा हात डोळे किलकिले करून बघायची आणि आपला वर करायची. तुम्ही कधी नाही. एकदा सर्दी झाली होती तेव्हा अख्खा वर्ग तुमच्याकडे बघत नऊ मिनिटं ताटकळला. मी म्हटलं, करा की हो एकदाचा हात वर, घंटा होईल. तुम्ही म्हणालात, "न्हाय आला तर न्हाय आला. सायन्स हाय बाई, परसाद न्हाय."

तुमचा हात वर गेला की प्रयोग संपायचा. हात खाली घेत तुम्ही विचारायचात, "किती झालं, बाई?" आणि मी फळ्यावर लिहायची, दत्तोबा: चार मिनिटं. वर्गाच्या फळ्यावर परिचराचं नाव. हेडसरांना ते आवडायचं नाही.

तीनच वर्षं आपण एकत्र काम केलं. मला ती तीसेक वाटतात.

आता ते लिहिते. तुम्हाला ठाऊक आहे, पण मी ते कधी कागदावर उतरवलेलं नाही. २००४चा जून. शाळा उघडून तीनच दिवस झाले होते आणि प्रयोगशाळेची तपासणी आली. साहेबांपुढे हेडसरांनी रसायनांचं कपाट उघडलं. आयोडीनची पंचवीस ग्रॅमची बाटली, एप्रिलमध्ये नवी आणलेली, बूच घट्ट आणि आत काही नाही. सुट्टीत किल्ली तुमच्याकडे होती. त्याच महिन्यात तुमच्या शेळ्या व्यायल्या होत्या, आणि करडांच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावतात हे सगळ्या तालुक्याला माहीत. हेडसरांनी एवढं एवढं जोडलं आणि चोर तयार झाला. माफीपत्र लिहून द्या, विषय संपवतो, म्हणाले. तुम्ही म्हणालात, न घेतलेल्याची माफी कशी लिहू? तुमच्याकडून किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. आठ दिवसांनी तुम्ही सतरा वर्षांची नोकरी सोडून निरवांगीला गेलात.

जाताना व्हरांड्यात तुम्ही मला एकच वाक्य बोललात. ते डांबरगोळीच्या धड्यातलं होतं. कपड्यांच्या पेटीत ठेवलेली डांबरगोळी लहान लहान होत जाते, तिचं पाणी होत नाही, मग जाते कुठं, असं पोरांना विचारून तुम्हीच उत्तर द्यायचात. त्या दिवशी मला म्हणालात, "बाई, गेलं म्हंजी कुठंतरी गेलं. किल्ली तुमच्याकडं हाय. बघा."

मी पाहिलं, दत्तोबा. त्याच संध्याकाळी. कपाटातल्या बाटल्यांची लेबलं तुमच्या घरून प्रयागबाईंनी शिजवून दिलेल्या पिठाच्या खळीनं चिकटवलेली होती, तुमच्या गोल अक्षरातली. खालच्या फळीवरच्या अकरा लेबलांच्या कडा निळ्याकाळ्या पडल्या होत्या. साहेबांना वाटलं असेल, शाई सांडली. पीठ आणि आयोडीन भेटलं की काय होतं, हे सातवीतल्या पोराला येतं. आयोडीन चोरीला गेलं नव्हतं. वाफ होऊन त्या कपाटातच फिरलं होतं.

मी ती लेबलं पाणी लावून काढली आणि नवी चिकटवली. गोंदानं.

पहिल्या पत्रात लिहिलं की मला कळलं नव्हतं. ते खोटं होतं.

अंजुम

•

बारामती
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दत्तोबांस,

दिवाळी झाली. तुमच्याकडून दिवाळीला करंज्यांचा डबा यायचा आणि ईदला आमच्याकडून शिरखुर्म्याचा. तुम्ही तो एसटीत मांडीवर घेऊन जायचात आणि दुसऱ्या दिवशी सांगायचात, निम्मा द्रव पँटवर गेला. माझी लेक सुरैय्या परवा म्हणाली, अम्मी, तू एकटीच काय हसतेस? काय सांगणार तिला.

दुसऱ्या पत्रातही मी निम्मंच लिहिलं. आज उरलेलं लिहिते. आज नाही लिहिलं तर पुन्हा होणार नाही.

बूच घट्ट असलेल्या बाटलीतून आयोडीन उडत नाही. तुम्ही म्हणाल, मग बाई, वाफ आली कुठनं? माझ्यापासून आली.

उन्हाळी जादा तासांचा शेवटचा दिवस होता. तुम्ही इंदापूरला कचेरीत टपाल द्यायला गेला होता. मला पोरांना संप्लवन दाखवायचं होतं, स्थायू तापला की मधे द्रव न होता सरळ जांभळी वाफ. बाटलीतले खडे चिकटून बसलेले, चमच्याला येईनात. मी वैतागून सगळी बाटली चिनीमातीच्या वाटीत उलटी केली. तुम्ही असता तर हात धरला असता. प्रयोग झाला, पोरं खूश झाली आणि मला साडेचारची बारामती गाडी दिसायला लागली. रिकाम्या बाटलीला बूच लावलं, वाटी तशीच उघडी खालच्या फळीवर तिवईच्या मागं सरकवली, उद्या भरू म्हटलं, आणि पळाले. उद्या सुट्टी होती. पुढचे पन्नास दिवस पत्र्याच्या खोलीत, आपल्याकडच्या मे महिन्यात, ती वाटी उघडी होती.

हेडसरांनी रिकामी बाटली वर धरली त्या क्षणी मला सगळं आठवलं. आठ दिवसांनी त्या संध्याकाळी नाही, त्याच क्षणी. पाचावर धारण बसली. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं त्याच महिन्यात संपत होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे हेडसरांच्या शेऱ्यावर होतं. अब्बा अंथरुणाला खिळलेले, दुकान बंद, घरात माझं मानधन तेवढंच. ही सबब नाही, असं लिहिणार होते. पण आहे ती सबबच. एकवीस वर्षं मी ती वापरली.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं. तुम्ही व्हरांड्यात "बघा" म्हणालात तेव्हा मला काय बघायचं ते पाठ होतं. संध्याकाळी जाऊन आधी वाटी धुतली, मग लेबलं काढली. पंधरा दिवसांनी कायम झाल्याची ऑर्डर आली आणि अब्बांनी अंथरुणात बसून पेढा खाल्ला. करून सवरून मी नामानिराळी राहिले.

ती अकरा लेबलं फेकायला मात्र हात धजला नाही. एका पाकिटात घालून बी.एड.च्या वहीत ठेवली होती. गेल्या आठवड्यात माळ्यावरून वही काढली. म्हटलं, दत्तोबांना पाठवू, त्यांच्या हातात पुरावा असू दे. पाकीट उघडलं. निळा रंग कुठंच नाही. तिथूनही आयोडीन उडून गेलं. अकरा पिवळट कागद, त्यावर तुमचं अक्षर, बाकी काही नाही.

म्हणजे आता माझ्या शब्दाशिवाय तुमच्या बाजूनं या जगात काही शिल्लक नाही. आणि तो शब्द मी दिला नव्हता.

माफ करा म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते. माफ करा, दत्तोबा.

अंजुम

•

मु. पो. निरवांगी
९ नोव्हेंबर २०२५

अंजुमबाईस्नी,

दत्तोबाचा रामराम. लिवनार श्रेया. ती शुद्ध लिवाया बघती, मी म्हनलं जसं बोलतो तसं लिव.

तुमचं पयलं पत्र मी उघडलंच न्हाय. फळीवर टाकलं. दुसरं बी त्येच्यावर टाकलं. तिसरं आल्यावर पोरीनं तिन्ही एका दमात वाचून दाखिवली. ऐकून मी रानात गेलो. मोटर चालू केली आन बांधावर बसलो. पानी दुसऱ्याच्या रानात गेलं तरी उठलो न्हाय.

मला आजवर वाटत हुतं, बाईंना खरंच वाटलं आसंल की मी घेतलं. हेडसरांनी सांगितलं, बाईंना पटलं. तरन्या हुत्या, नव्या हुत्या. म्हनून मी तुमास्नी कवाच माफ केल्यालं हुतं. आता कळलं की तुमास्नी ठावं हुतं. मग त्या माफीचं काय करू? ती भलत्याच गोष्टीला दिल्याली.

प्रयागा चार वरसामागं गेली. ती म्हनायची, बाई एक दिस येत्याल. मी म्हनायचो, त्या कशाला येत्याल, त्यास्नी काय ठावं. तीच खरी निघाली, पर तिला सांगायचं कसं?

थोरल्याची पयली सोयरीक मोडली ती ह्याच पायी. पाव्हनं म्हनलं, बाप शाळंतनं का आला? मी म्हनलं, नोकरी सोडली. त्यांनी आधीच इचारून ठिवलं हुतं. अजून बी इंदापूरच्या बाजारात कुनी जुना भेटला की आधी गालात हसतो, मग रामराम घालतो.

तुमी माझी माफी मागू नगा. चोर तुमी म्हनला न्हायसा. तुमी गप बसला. चोर म्हनलं ते समद्यांनी. मग सांगायचं ते बी समद्यांस्नी सांगा. शाल नगं, नारळ नगं. तुमचं तिसरं पत्र घ्या आन कार्यक्रमात टेजवर हुभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचा. मी येतो. मागच्या बाकावर बसतो. माझ्यापतूर आलं तर हात वर करीन. न्हाय आलं तर न्हाय.

दत्तोबा

(बाई, मी श्रेया. आजोबांनी हे सगळं न अडखळता सांगितलं. नंतर मला विचारलं, संप्लवन यंदा परीक्षेला आहे का?)

•

बारामती
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दत्तोबांस,

तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन दोन आठवडे फिरते आहे.

रागावू नका, एक विचारते. स्मरणिका छापायला जायची आहे. त्यात मी पानभर लिहिते, तुमच्या फोटोसकट, सगळं खरं खरं. ते कायम राहील. भाषण काय, हवेत जातं. हे चालेल का?

हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. स्मरणिका कुणी वाचत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर मला सुचली.

त्या दिवशी संस्थेची सगळी मंडळी असतील, कचेरीतले साहेब असतील, माझे विद्यार्थी असतील. सुरैय्या पुण्याहून रजा काढून येणार आहे, अम्मीचा सत्कार बघायला. तिला मी लहानपणापासून सांगत आले की खोटं बोललेलं कपाळावर दिसतं. संस्थेनं ठरवलं तर माझी खुर्ची जाईल, चौकशी लागेल. लागू दे, असं म्हणायला फार सोपं आहे. मला खुर्ची आवडते, दत्तोबा. मला लोक नमस्कार करतात ते आवडतं.

मला भीती वाटते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू तेही कळत नाही, ही आणखी एक गंमत. भिगवणला युवराजकडे गेले तरी त्याच्यापुढे हे तोंडातून निघालं नाही. चिलापी खाऊन परत आले.

तुम्ही या पत्राला उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक आहे.

अंजुम

•

बारामती
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

दत्तोबांस,

काल तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात. श्रेयाला एक कुपी द्यायची होती, ती राहिली. म्हणून हे लिहिते. आणि तुम्ही मागच्या बाकावरून पाहिलंत, पुढून कसं दिसत होतं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणूनही.

नववीच्या तिन्ही वर्गांमधल्या फळ्या सरकवून हॉल केला होता, तुमच्या वेळी करायचो तसाच. डिसेंबर असला तरी माणसं एवढी की सगळे पंखे चालू. माझ्यामागे भिंतीवरचा मोठा फळा, त्यावर रंगीत खडूनं 'सुवर्णमहोत्सव' काढलेलं. तुम्ही आलात ते मला लगेच दिसलं. पांढरी टोपी, श्रेया शेजारी, शेवटच्या बाकाचं टोक. युवराज उठून तुम्हाला पुढं बोलवत होता, तुम्ही नुसती मान हलवलीत.

माझा सत्कार झाला. शाल अंगावर असताना मी माइकपाशी गेले आणि पर्समधून कागद काढला. आभाराचं भाषण असेल असं वाटून लोक खुर्चीत सैल बसले. मी म्हटलं, हे मी आपल्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर दत्तोबा यांना लिहिलेलं पत्र आहे. आणि वाचायला लागले. खरं सांगते, वाचलं नाही, गिळलं. शब्दावर शब्द, मान खाली. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा पुढच्या दोन रांगा ताठ झाल्या होत्या, एक साहेब दुसऱ्याच्या कानाला लागले होते. मागं मात्र कुणी कुणाला विचारत होतं, बाई काय म्हणाल्या?

मी तुमच्याकडे पाहिलं. हात मांडीवरच होते.

माझ्या मनात आलं, संपलं. मी वाचलं, त्यांना ते पुरलं नाही. मग तुम्ही उठून उभे राहिलात. एवढ्या माणसांत तुमचा आवाज काही मोठा नव्हता, पण प्रयोगशाळेतला होता.

"बाई, पंखं बंद करा. आन पयल्यापास्नं वाचा."

युवराजच उठला. खटखट करत सगळी बटणं बंद केली. पंखे थांबेपर्यंत सगळे वरच बघत होते. मी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. या वेळी सावकाश. चिनीमातीची वाटी. साडेचारची गाडी. हेडसरांनी बाटली वर धरली तो क्षण. धुतलेली वाटी, काढलेली लेबलं. एकेक बाक गप्प होत गेलेला मला ऐकू येत होता. सुरैय्या तिसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे बघून "दत्तोबांनी आयोडीन घेतलं नव्हतं, ते माझ्या चुकीनं गेलं आणि मी गप्प बसले" हे पत्रात नसलेलं वाक्य मी जास्तीचं म्हटलं.

मग वाट पाहिली. किती ते सांगता येत नाही.

तुम्ही हात वर केलात. पूर्ण वर, कोपर सरळ, पोरांना शिकवायचात तसा. युवराजनं केला, मग त्याच्या वर्गातल्या दोघातिघांनी केला, पण ते मी नंतर पाहिलं.

हात खाली घेत तुम्ही विचारलंत, "किती झालं, बाई?"

मी म्हणाले, "एकवीस वर्षं."

"लिवा मग," तुम्ही म्हणालात, आणि टोपी सारखी करून श्रेयाला घेऊन मागच्या दारानं निघालात.

घरी येताना भिगवण गेल्यावर सुरैय्या म्हणाली, उद्या मला त्यांच्या घरी घेऊन जा. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय नाही. आज सकाळी संस्थेला आणि शिक्षण कचेरीला सगळं लेखी दिलं, तुमच्या नावावरचा शेरा काढावा आणि तुमच्या सतरा वर्षांचा विचार व्हावा म्हणून. त्याची प्रत सोबत आहे, सांभाळून ठेवा. मला शुक्रवारी बैठकीला बोलावलंय. काय व्हायचं ते होईल. काल रात्री मी जेवले आणि झोपले.

कुपी पाठवते, खसाची, तळाला आहे ती. श्रेयाला सांगा, उघडायच्या आधी पंखा बंद कर.

तुम्ही सांगितलंत तसं 'सुवर्णमहोत्सव'च्या खाली पांढऱ्या खडूनं लिहिलं आहे, दत्तोबा: एकवीस वर्षं. माझ्याच अक्षरात, म्हणजे वाकडंच. आज शिपाई फळा पुसायला आला होता. राहू दे म्हटलं.

अंजुम